एकशे तीस, नव्वद, पंधरा

टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत बराच मजकूर छापलेला असतो. लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून'सारखा तो सगळ्यांना माहीत असतो आणि वाचत कोणीच नाही :) पण गेल्या महिन्यात आमच्या ताईच्या घरी त्या मजकुराचं अक्षरशः पारायण झालं. भाच्याला दाजींच्या जुन्या ॲव्हेंजरला मागे १५० चा रुंद टायर बसवायचा होता. दाजींची साफ ना. दोघांनी मला मध्ये ओढलं, कारण मामाला इतिहासाची आवड, म्हणजे मामा रिकामाच!

तर म्हटलं, इतिहासच बघू.

गाडी २००७ ची, ॲव्हेंजर २००. मागच्या टायरवर लिहिलंय १३०/९०-१५. पहिला आकडा रुंदी, १३० मिलिमीटर. दुसरा उंचीचा, पण मिलिमीटरमध्ये नाही, टक्क्यांत. १३० चे ९० टक्के म्हणजे ११७ मिलिमीटर, एवढी रबराची भिंत रिमच्या वर उभी. तिसरा आकडा रिमचा व्यास, १५ इंच. हे तीन आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आमच्या शहराची आणि चाकांची ओळख तशी अलीकडची. हिमरू, मशरू, पैठणी, वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे ही जुनी ओळख. ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन झालं आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर, नाव २०२३ मध्ये बदललं) दुचाकींचं गाव झालं. मोठ्या कारखान्याभोवती पार्ट बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. त्यातलीच अनुरंग इंजिनिअरिंग पुढे एन्ड्युरन्स म्हणून देशभर गेली. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवली होती, अशी पैठण-गंगापूरकडची पोरं हातात व्हर्नियर घेऊन शिफ्टला जाऊ लागली. आमचे दाजी त्यातलेच. वाळूजच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला त्यांची सगळी नोकरी झाली. पार्ट मापात नसेल तर लाल पेटीत. त्यात भावनेला जागा नाही.

त्या काळच्या स्कूटरचा टायर आठवतोय? चेतकचा ३.५०-१०. पुढचा-मागचा एकच, शिवाय तिसरा स्टेपनीला. टायर रुंद की अरुंद हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच, की स्टेपनीत हवा आहे ना? :)

मग मोटारसायकली आल्या. १९८६ मध्ये कावासाकीच्या सहकार्याने बजाजची केबी १००, १९९४ मध्ये हीरो होंडाची स्प्लेंडर. स्प्लेंडरचा मागचा टायर २.७५-१८, म्हणजे रुंदी जेमतेम ७० मिलिमीटर. चाक मोठं, टायर बारीक, वजन कमी, पेट्रोल कमी. मध्यमवर्गाचं सगळं अर्थशास्त्र त्या ७० मिलिमीटरमध्ये मावलं होतं.

आणि २००१ मध्ये आली एलिमिनेटर! १७५ सीसी, कावासाकीचं इंजिन, पाय पुढे टाकून बसायचं, जमिनीला टेकेल इतकी खाली सीट आणि मागे हा १३०/९०-१५. स्प्लेंडरच्या जवळजवळ दुप्पट रुंद. सिग्नलला थांबली की लोक मागून वाकून बघायचे. २००५ मध्ये तिची जागा ॲव्हेंजरने घेतली. पल्सरच्या घराण्यातलं इंजिन आलं, पुढे १८० चे २०० झाले, २०१० मध्ये २२० झाले, पण मागचा टायर तोच राहिला.

मला प्रश्न पडला, हा आकडा आला कुठून? इथे जरा वाळूजहून अमेरिकेला जाऊन यावं लागतं.

१९४० च्या सुमारास हार्ले डेव्हिडसनने १६ इंची रिमवर ५.०० इंच रुंदीचा टायर द्यायला सुरुवात केली. ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. आपला १३० त्याचाच मेट्रिक मापातला नातू म्हणायचा. पण तेव्हा तो जाड टायर दिसण्यासाठी नव्हता. त्या मोठ्या हार्ले गाड्यांना मागे सस्पेन्शनच नव्हतं! मागचं चाक थेट चौकटीला घट्ट बसवलेलं. सीटखाली स्प्रिंग असायची, पण रस्त्याचा पहिला दणका पचवायचा तो टायरने. म्हणून भरपूर हवेचा, उंच भिंतीचा टायर. १९५८ च्या ड्युओ ग्लाइडला मागे शॉक ॲबसॉर्बर आले. गरज कमी झाली, पण तोवर डोळ्यांना सवय झाली होती. पुढे हौशी लोकांनी गाड्या कापून-जोडून चॉपर बनवले आणि मागचा टायर रुंदच होत गेला. २००७ मध्ये तर हार्लेच्याच व्ही-रॉडला कारखान्यातून २४० मिलिमीटरचा टायर आला.

म्हणजे बघा, जे गरजेपोटी आलं ते दागिना होऊन राहिलं.

आपल्याकडे हा दागिना सगळ्यांना परवडेल अशा गाडीवर आला तो २००८ मध्ये. यामाहा एफझी १६ ला मागे १४०/६०-१७. मग काय, जो तो जाड टायर मागू लागला, आणि टायरच्या दुकानांत जुन्या गाड्यांना एक-दोन माप वरचा टायर चढवणं हे नेहमीचं काम झालं. पण आता मघाचा दुसरा आकडा काढा. १४० चे ६० टक्के किती? ८४. रुंदी वाढली आणि भिंत ११७ वरून ८४ वर आली. एफझीला ते चालतं, कारण तिचं सस्पेन्शन, तिचा रिम, तिची बैठक सगळं त्या टायरला धरून आखलंय. रुंदी लोकांना दिसते. खड्डा सोसते ती उंची.

आता भाच्याची बाजू. त्याचा हट्ट नुसत्या शायनिंगसाठी नव्हता, हे मला उशिरा कळलं. तो रोज वाळूजला नोकरीला जातो, याच गाडीवरून. पावसाळ्यात गोलवाडीच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला आणि मागचं चाक घसरलं. मागून ट्रक येत होता. कडेला पडला म्हणून खरचटण्यावर निभावलं. ताईला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं (ताई, आता वाचलंसच, तर त्याला रागावू नकोस). तेव्हापासून त्याच्या मनात एकच, की टायर रुंद असता तर घसरला नसता.

दाजींनी हे ऐकलं आणि ओरडले नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन बसले. रिटायर झाल्यानंतर एवढे खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलंय.

त्यांचा ढोबळ हिशेब असा. गाडी आणि माणूस मिळून मागच्या चाकावर समजा १४० किलो भार. टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब देते. म्हणजे रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा साधारण ७० चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढा. टायर रुंद केला, पण भार तोच आणि हवा तेवढीच, तर तो तुकडा फारसा मोठा होत नाही. फक्त लांबीला कमी आणि आडवा होतो. पकड ठरते ती रबराचा मऊपणा, नक्षी आणि हवा यांवर.

मग मापं. १५०/८०-१५ घेतला तर चाकाचा व्यास ६१५ वरून ६२१ मिलिमीटर, त्याचं फार काही नाही. पण रुंदी दोन्ही बाजूंनी १०-१० मिलिमीटर वाढणार, आणि एका बाजूला चेन. चेनकडचे १० मिलिमीटर गेल्यावर जे उरतं ते चेन जरा ढिली झाली की पुरत नाही, असा व्हर्नियर लावून दाजींचा निकाल. रिमही १३० साठीचा; त्यावर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात, टायर मधे फुगतो आणि दुकानात मोजलेली रुंदी रस्त्यावर मिळतच नाही. १४०/९० घेतला तर व्यास ६३३, म्हणजे सुमारे ३ टक्के मोठा, तेवढी ओढ कमी. शिवाय रुंद टायरची गाडी वळणावर त्याच वेगाला जास्त वाकवावी लागते.

एका दुकानदाराने भाच्याला उपाय सांगितला होता, की चिमटा (मागचं चाक धरणारा दुबेळका) थोडा घासू आणि चाक एका अंगाला सरकवू. हे ऐकल्यावर मात्र दाजी उठून उभे राहिले. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत नाही, अशी गाडी घेऊन पोरगा ट्रकांच्या रस्त्यावर जाणार?

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. पण खरं सांगू? भाचा कायद्याने नाही वळला. तो वळला चार आकड्यांनी.

दाजींनी टायरच्या कडेवरची धूळ पुसली आणि अंगठ्याने दाखवलं: २३१६. म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर! नक्षी बरी दिसत होती, पण नख लावलं तर रबर लाकडासारखं टणक, आणि खाचांत बारीक भेगा. घसरला होता तो अरुंद टायर नव्हे, म्हातारा टायर.

नवा टायर त्याच मापाचा बसला. हवा मोजून भरली. भाच्याचं तोंड दोन दिवस लहान होतं, मग एके दिवशी पावसातून आला आणि म्हणाला, "मामा, गाडी वेगळीच वाटते." दाजी पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मला यातून एवढंच कळलं, की त्या तीन आकड्यांत पुष्कळ लोकांची मेहनत एकमेकींत अडकलेली असते. रिम बनवणारा, चिमटा जोडणारा, चेनची जागा मोजणारा आणि लाल पेटीशेजारी उभा असलेला एखादा इन्स्पेक्टर. बदल करू नये असं नाही. एफझीवाल्यांनी केलाच की, पण सगळी गाडीच त्या टायरला धरून आखून.

असो. आज घरी गेलात की आपल्या गाडीशी जरा वाका. रुंदी नंतर बघा, आधी त्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. आणि पोरगं त्याच गाडीवर कामाला जात असेल, तर त्यालाही वाचायला लावा.