चांगीच्या तुरुंगांतील गोधड्या



इतिहासाच्या पुस्तकांत तरवारींना, तोफांना व तहनाम्यांना ऐसपैस जागा मिळते; सुईदोऱ्याला ती क्वचितच मिळते. शाळेंत इतिहास शिकवितांना मलाही तारखा आणि लढाया यांतून सवड सांपडत नसे. परंतु मनुष्याचें दुःख हलकें करण्याच्या कामीं सुईनें जें कार्य केलें आहे, तेंही इतिहासच होय. आपल्याकडील गोधडीच पाहा ना! आजीचें लुगडें, आजोबांचें धोतर, मुलांचे विटलेले अंगरखे एकावर एक ठेवून धावदोरा घातला कीं गोधडी तयार होते. तिची ऊब नुसत्या कापडाची नसते. तें कापड ज्यांच्या अंगावर होतें, त्या माणसांचीही ती ऊब असते. हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी आज सांगणार आहें ती हकीकत परकी वाटूं नये. हकीकत मात्र आपल्या देशांतील नाहीं. ती सिंगापूरची, दुसऱ्या महायुद्धांतील आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूरचें ठाणें जपानी सैन्याच्या हातीं पडलें. जनरल पर्सिव्हल यांनीं शरणागती पत्करली आणि इंग्रज, ऑस्ट्रेलियन व हिंदी मिळून हजारों शिपाई युद्धकैदी झाले. शिपायांची ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. परंतु त्या शहरांत बायकामुलेंही होतीं. मार्च महिन्यांत सुमारें चारशें युरोपियन स्त्रिया व मुलें यांना कित्येक मैल पायीं चालवीत चांगीच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. हा तुरुंग इंग्रज सरकारनेंच १९३६ सालीं बांधलेला होता, आणि तो सुमारें सहाशें कैद्यांपुरता होता. आतां त्यांत त्याच्या कितीतरी पट माणसें कोंबलीं गेलीं. दैवगति अशी, कीं राज्यकर्त्यांनीं दुसऱ्यांसाठीं उभारलेल्या भिंतींआड त्यांचींच बायकामुलें जाऊन बसलीं.

तुरुंगाच्या एका भागांत स्त्रिया, दुसऱ्या भागांत नागरिक पुरुष, आणि शिपाई जवळच्या लष्करी छावणींत, अशी वांटणी होती. नवरा-बायकोंमध्यें कित्येकदां एका भिंतीचेंच अंतर असे. पण निरोप पोहोंचविण्याची मनाई होती. आपला मुलगा जिवंत आहे कीं नाहीं हें आईला ठाऊक नाहीं. आपली बायको बुडालेल्या जहाजावर होती कीं सुरक्षित आहे, हें नवऱ्याला ठाऊक नाहीं. अन्न अपुरें, जागा अपुरी. स्त्रियांमध्यें डॉक्टरही होत्या. मुलांच्या कुपोषणाच्या एका भयंकर रोगाचें वर्णन करून पुढें जगप्रसिद्ध झालेल्या डॉ. सिसिली विल्यम्स त्यांतच होत्या. पण अनिश्चिततेच्या दुखण्यावर कोणत्या डॉक्टरपाशीं औषध असणार? हात रिकामे आणि मन काळजीनें भरलेलें, यासारखी यातना दुसरी नाहीं.

या स्त्रियांमध्यें एथेल मल्वनी नांवाच्या एक कॅनेडियन बाई होत्या. रेडक्रॉसच्या प्रतिनिधि म्हणून त्या तुरुंगांतही काम पाहत. त्यांनीं अशी कल्पना काढली, कीं प्रत्येक स्त्रीनें सहा इंचांचा एक चौकोनी तुकडा घ्यावा, त्यावर आपल्या मनांतलें कांहींतरी भरावें, आणि शेवटीं आपलें नांव घालावें. असे सहासष्ट तुकडे जोडले कीं एक गोधडी होईल, आणि ती इस्पितळांतील जखमी शिपायांना पाठवितां येईल. कापड कोठून आणावयाचें? जुन्या चादरी, पिठाच्या पिशव्या, अंगावरचे जीर्ण कपडे यांतून तें निघालें. दोरा हवा तर वापरत्या कपड्यांचेच धागे उसवून काढावयाचे.

तुकड्यांवर काय भरलें गेलें तें पाहण्यासारखें आहे. कोणी आपल्या गांवाकडचीं फुलें भरलीं, कोणी पक्षी, कोणी मायदेशाचा नकाशा, कोणी दूर राहिलेलें घर. कोणी तुरुंगाची कोठडीच हुबेहूब उतरविली. कोणी विजयाचें इंग्रजी अक्षर चित्रांत चातुर्यानें योजलें. पण माझ्या मतें सर्वांत मोलाचें होतें तें खालचें नांव. गोधडी लष्करी इस्पितळांत पोहोंचली कीं खाटेवरील शिपाई तीं नांवें वाचणार, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जाणार, आणि कोठेंतरी एखाद्या नवऱ्याला कळणार, कीं ती जिवंत आहे. ज्या काळीं चिठ्ठी पाठविणें गुन्हा होता, त्या काळीं गोधडी हीच चिठ्ठी झाली. हें धाडस लहान नव्हतें. पुढें १० ऑक्टोबर १९४३ रोजीं बाहेरच्या जगाशीं संधान असल्याच्या संशयावरून जपानी लष्करी पोलिसांनीं याच तुरुंगावर धाड घातली. सत्तावन्न जणांना चौकशीसाठीं पकडलें, आणि त्यांपैकीं पंधरा जण प्राणांस मुकले.

गोधड्या तीन झाल्या: एक इंग्रज जखमींसाठीं, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठीं आणि एक जपानी जखमींसाठीं! तीवर मागच्या बाजूस जपानी जखमींच्या दुःखाविषयीं सहानुभूति व्यक्त करणारा मजकूरही भरलेला आहे. येथें कोणीही विचारील, कीं ही सहानुभूति खरी होती, कीं अधिकाऱ्यांची परवानगी मिळविण्याची ती युक्ति होती? युक्ति होती हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. शत्रूच्या जखमींचा उल्लेख नसता तर बाकीच्या दोन गोधड्या तुरुंगाबाहेर जात्या ना. पण युक्ति म्हटली तरी सहासष्ट तुकडे कोणी तरी बसून भरावयाचेच होते. रागानें भरलेला टांका एक वेळ पडेल. पण दिवसचे दिवस एका फुलाच्या पाकळ्या भरीत बसलेल्या बाईच्या मनांत, तें पांघरणाऱ्या अनोळखी पोराविषयीं, मग तो कोणत्या कां देशाचा असेना, एकदांही कणव आली नसेल असें मला तरी वाटत नाहीं. युक्ति आणि दया या एकाच दोऱ्यांत ओंवतां येतात, हें बायकांना पुरुषांपेक्षां आधीं कळतें.

याच तुरुंगांत आणखी एक गोधडी झाली. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारें वीस मुली गर्ल गाइड पथकांत एकत्र जमत. त्यांच्या प्रमुख एलिझाबेथ एनिस यांच्या वाढदिवसासाठीं त्यांनीं चिंध्यांचे षट्कोनी तुकडे जोडून गुपचूप गोधडी शिवावयास घेतली व तींत आपापलीं नांवें भरलीं. जिथें खेळणें नाहीं, पोटभर अन्न नाहीं, तिथें दुसऱ्याला देण्यासाठीं कांहीं करावें ही बुद्धि मुलांना झाली, यांतच त्यांचें बालपण वांचलें.

अशा कामानें मन कां सांवरतें, याचा विचार केला तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, सुईंत दोरा ओंवलेला असतां हात आणि डोळे एका जागीं बांधले जातात, आणि काळजीला मोकळें रान मिळत नाहीं. दुसरी, सहा इंचांचा तुकडा पुरा होऊं शकतो. कैद केव्हां संपेल हें कोणाच्या हातीं नव्हतें. तुकडा संपविणें मात्र हातीं होतें. आणि तिसरी, आपला तुकडा शेजारणीच्या तुकड्याला जोडला जातो. एकटीचें दुःख मग सहासष्टांचें होतें, आणि वांटलेलें दुःख उचलवतें.

हा गुण एका युद्धापुरता नाहीं. अमेरिकेंत एड्सच्या सांथीनें हजारों तरुण दगावले. कित्येकांच्या अंत्यविधीलाही लोक येईनात. तेव्हां सॅन फ्रान्सिस्को येथें मृतांच्या नांवानें कापडी पट शिवण्यास आरंभ झाला. प्रत्येक पट तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे माणसाला पुरावयास लागणाऱ्या जागेएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १,९२० पट मांडण्यांत आले. पुढें ती संख्या पन्नास हजारांच्या आसपास गेली. ज्यांच्यासाठीं रडण्याची लोकांना लाज वाटत होती, त्यांच्यासाठीं उघड्यावर रडण्याची सोय त्या पटांनीं केली.

चांगीच्या स्त्रियांना मे १९४४ मध्यें साइम रोडच्या छावणींत हलविण्यांत आलें, व १९४५ सालीं युद्ध संपल्यावर त्या सुटल्या. त्यांच्या तीन गोधड्यांपैकीं इंग्रज जखमींची गोधडी आज लंडनला ब्रिटिश रेडक्रॉसच्या संग्रहांत आहे. ऑस्ट्रेलियन जखमींची आणि जपानी जखमींची अशा दोन्ही गोधड्या कॅनबेरा येथील युद्धस्मारकांत एकाच छपराखालीं आहेत. ज्यांचीं सैन्यें एकमेकांच्या जिवावर उठलीं होतीं, त्यांच्यासाठीं शिवलेलीं पांघरुणें आतां शेजारीं शेजारीं आहेत. आणि दोहोंवरचे टांके एकाच तुरुंगांतील हातांनीं घातलेले आहेत.

आपल्या घरांतील जुन्या गोधडीकडे पाहतांना, तिच्यांत कोणाकोणाचे कपडे आहेत आणि टांके कोणाचे आहेत, एवढें मुलांना सांगून ठेवावें. त्या गोधडीवर नांव कोणी भरलेलें नसतें. तें सांगणें आपल्याच हातीं आहे.