दारू सुटल्यावरची पायवाट

अमेरिकेची ॲपलाचियन ट्रेल १९३७ मध्ये सलग झाली. आज ती जॉर्जिया ते मेन, सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. १९४८ मध्ये अर्ल शेफर हे माजी सैनिक ती एका दमात चालले, मनातलं युद्ध उतरवायला.

१९९० च्या मार्चमध्ये त्याच वाटेवर बिल आयर्विन निघाले. दृष्टी गेलेली, दारू सुटून जेमतेम तीन वर्षं झालेली. नकाशा, होकायंत्र निरुपयोगी. पुढे ओरिएंट हा जर्मन शेफर्ड, त्याच्याही पाठीवर खाण्याच्या पिशव्या. आयर्विन हजारो वेळा पडले, पुन्हा उठले.

पण दारू सोडलेल्या माणसाची खरी परीक्षा डोंगरात नसते. दर काही दिवसांनी शिधा भरायला गावात उतरावं लागतं, तिथे बार असतो. आखणीत हे मुक्कामही धरावे लागतात.

२१ नोव्हेंबरला आयर्विन यांची चाल मेनमध्ये पूर्ण झाली. ही ट्रेल सलग चालणारे ते पहिले दृष्टिहीन.