कासवीची नजर

कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. केवळ नजरेने वाढवते, ही आपल्या संतांची आवडती कल्पना. कीर्तनांतून ती ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. वस्तुस्थिती मात्र याहून कोरडी आहे. समुद्रकासवी रात्री किनाऱ्यावर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि तासाभरात पाण्यात परतते. पिलांचे तोंड ती कधीच पाहत नाही. मग त्यांच्यावर नजर ठेवते कोण? चेन्नईच्या किनाऱ्यावर पन्नासहून अधिक वर्षे हे काम बव्हंशी विद्यार्थ्यांनी केले आहे, आणि तेही केवळ चालून.

या चालण्याचा आरंभ १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातला. मद्रासमध्ये सर्पोद्यान उभारणारे रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांचे तरुण सहकारी हिवाळ्याच्या रात्री शहराच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर फिरू लागले. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या तेथे अंडी घालायला येत. परंतु सकाळपर्यंत ती अंडी माणसांच्या टोपल्यांत नाही तर कुत्र्या-कोल्ह्यांच्या पोटात गेलेली असत. म्हणून त्यांच्या आधी पोचायचे, अंडी उचलायची आणि कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरायची, अशी ही साधी योजना. भारतातील समुद्रकासवांच्या पहिल्या हॅचरींपैकी एक अशा रीतीने उभी राहिली.

त्या मंडळींपैकी दोघांविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही. मद्रासच्या आयआयटीतील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून सतीश भास्कर यांनी कासवांचा माग काढत देशाचा किनारा पायी पालथा घातला; त्यांची ही भटकंती हजारो किलोमीटरची होती. १९८२ च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपमधील सुहेली येथील निर्मनुष्य बेटावर काही महिने एकटेच राहिले, कारण हिरवी कासवे तेथे ऐन पावसाळ्यात येतात आणि त्या दिवसांत बेटावर होडी लागत नाही. पत्नीला लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडले आणि त्या भल्या माणसाने ते पुढे टपालाने तिला पाठवले! २०२३ मध्ये भास्कर वारले.

दुसरी जे. विजया. महाविद्यालयात शिकत असताना ती स्वयंसेवक म्हणून सर्पोद्यानात आली. बंगालमधील दिघा येथे समुद्रकासवांची जी सर्रास कत्तल चाले, तिची छायाचित्रे तिने काढली. ती ‘इंडिया टुडे’मध्ये छापून आल्यावर पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्या प्रश्नात लक्ष घातले. १९८७ मध्ये, तिशी गाठण्यापूर्वीच ती गेली. केरळच्या जंगलातील ज्या दुर्मीळ कासवाचा तिने शोध घेतला होता, त्याच्या प्रजातीला २००६ मध्ये तिचे नाव देण्यात आले. पदवी, पद किंवा अनुदान यांची वाट न पाहता कामाला लागलेली ही मुलगी आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप आलेली नाही, याची खंत वाटते.

मधल्या काळात हॅचरीचे काम सरकारी यंत्रणेकडे गेले आणि पुढे थंडावले. १९८८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ते पुन्हा हाती घेतले. ‘स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क’ हे त्यांच्या संस्थेचे लांबलचक नाव. कामाचे स्वरूप मात्र एका वाक्यात सांगता येईल असे. जानेवारी ते मार्च या हंगामात नीलांकरैपासून बेझंट नगरपर्यंत, सुमारे सात किलोमीटर, रात्रभर चालायचे. शुक्रवारी-शनिवारी सामान्य नागरिकांनाही सोबत घेतात. विजेरी लावायची नाही, गलका करायचा नाही. सर्वांत पुढे चालणारा वाळूतला माग वाचतो: पाण्यापासून वर गेलेला आणि खाली उतरलेला वल्ह्यासारखा ठसा. तो दिसला की काठीने हलकेच चाचपून भुसभुशीत जागा शोधायची. खड्ड्याची खोली आणि रुंदी मोजून ठेवायची, कारण हॅचरीत अगदी तसाच खड्डा करायचा असतो. अंडी काही तासांच्या आतच हलवावी लागतात. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे उलटले तर मरतो. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिले वर येतात. उजळ दिसणाऱ्या बाजूकडे ती धावतात. एके काळी रात्री समुद्राचीच बाजू उजळ असे. आता शहराची असते. त्यामुळे हंगामात किनाऱ्यावरचे दिवे मालवावेत यासाठीही या मुलांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

शिक्षण संपले की ही मुले पांगतात आणि जूनमध्ये नवी तुकडी दाखल होते. शाळा चालवणाऱ्या माणसाला हे चित्र फार ओळखीचे वाटते. त्या पहिल्या तुकडीतील कार्तिक शंकर पुढे नामवंत जीवशास्त्रज्ञ झाले आणि भारतातील समुद्रकासवांच्या संवर्धनाचा इतिहास त्यांनी पुस्तकरूपाने लिहिला.

आपल्याकडचे वेळास आठवल्यावाचून राहत नाही. नाना फडणविसांच्या या गावी २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे भाऊ काटदरे समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी फिरत असता त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. पुढे गावकऱ्यांच्याच हातून संरक्षण सुरू झाले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावाला चार पैसे मिळू लागले, हे फार चांगले झाले. तरीही दोन्हींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. वेळासला आपण पिले पाहायला जातो, आणि ती पाहून परततो. चेन्नईत पाहायला मिळेलच असे काही नसते. चालणे मात्र पुरेच चालावे लागते. आपल्या शालेय सहलींतून हे दुसरे सुख हळूहळू नाहीसे झाले आहे, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

हे सर्व लिहिण्याचे निमित्त आपली एक माजी विद्यार्थिनी. नोकरीमुळे चेन्नईत स्थायिक झालेल्या तिने मला एका शनिवारी रात्री या पदभ्रमणाला नेले. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना सात किलोमीटर वाळू झेपेल का, ही शंका होतीच. पंधरा-वीस जण होतो. निम्म्यांना तमिळ येत नव्हते, त्यामुळे शांतता आपोआप पाळली गेली. पहिले कासव तासाभरातच दिसले, पण मेलेले. डोळे बाहेर आलेले, मान सुजलेली. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ते गुदमरते, असे पुढे चालणाऱ्या मुलाने हलक्या आवाजात सांगितले. जाळ्याला कासव निसटण्यासाठी झडप बसवता येते. परंतु तिच्यातून मासळीही निसटते, अशी मच्छीमारांची तक्रार आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवे वाहून आली होती.

त्या मुलाने कासवाची पाठ फितीने मोजली, नर की मादी ते पाहिले आणि आम्ही पुढे निघालो. पुढे आणखी एक तसेच आढळले. माग मात्र कोठेही दिसला नाही. पहाटे चारच्या सुमारास बेझंट नगरला पोचल्यावर त्याने दिव्याखाली वही उघडून तारीख घातली आणि लिहिले: घरटी शून्य, मृत दोन. मग पुढच्या रात्री कोण कोण येणार, ते तो विचारू लागला.