गिटारच्या ध्वनीचे दोन मार्ग : अ‍ॅनालॉग व डिजिटल

दगडी बांधणीच्या उंच ख्रिस्तमंदिरांत गायिलेला स्वर भिंतींवरून परत येतो आणि गायकाच्या मागें क्षणभर रेंगाळतो. हा लाभ तेथें फुकट मिळतो. परंतु विजेची गिटार घेऊन मांडवांत किंवा मोकळ्या मैदानांत उभ्या राहणाऱ्या वादकास तो मिळत नाहीं. त्यास आपला प्रतिध्वनि पेटींत घालून बरोबर न्यावा लागतो. ती पेटी जुन्या अ‍ॅनालॉग जातीची असावी कीं नव्या डिजिटल जातीची, ह्याविषयीं आमच्या गायकवृंदांतील तरुण वादकांमध्यें सरावाच्या वेळीं जो वाद माजतो, तो ऐकून ऐकून आम्हांस ह्या पेट्यांचा इतिहास पाहण्याची इच्छा झाली. तो अपेक्षेहून मनोरंजक निघाला, म्हणून येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम शब्दांचा अर्थ. गिटारची तार कंप पावली म्हणजे तिच्याखालील पिकअप नांवाच्या चुंबकीय वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उठतो व तारेच्या कंपाबरोबर खालींवर होतो. तो प्रवाह अखंड ठेवून त्याजवरच संस्कार करणें ही अ‍ॅनालॉग रीत. उलट, त्या प्रवाहाचें एका सेकंदांत चाळीस-पन्नास हजार वेळां माप घ्यावयाचें, तीं मापें आंकड्यांत मांडून त्यांजवर गणित करावयाचें, आणि शेवटीं त्या आंकड्यांचा पुन्हां प्रवाह करावयाचा, ही डिजिटल रीत.

जुन्या रीतीचे कांहीं प्रख्यात परिणाम चक्क बिघाडांतून जन्मास आले आहेत. मार्टी रॉबिन्स ह्यांचें ‘डोन्ट वरी’ हें गीत १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं त्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन ह्यांच्या वाद्याचा सूर फाटून घोगरा झाला. तो घोगरेपणाच लोकांस आवडला! ग्लेन स्नॉडी ह्या ध्वनितंत्रज्ञानें मग तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साह्यानें मुद्दाम घडवून आणणारी रचना केली, व १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ह्या नांवानें, पायानें दाबावयाच्या पेटींत, बाजारांत आणिली. पुढें १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स मंडळींतील कीथ रिचर्ड्स ह्यांनीं ‘सॅटिस्फॅक्शन’ ह्या गीतांत ती वापरली, आणि तिची मागणी एकाएकीं वाढली.

प्रतिध्वनीची कथा याहून लांब आहे. प्रथम तो चुंबकीय फितीवर उतरवीत. १९५९ सालीं निघालेल्या ‘एकोप्लेक्स’ यंत्रांत फितीचें एक वेटोळें सारखें फिरत असे. त्यावर स्वर उमटे आणि पुढच्या टप्प्यावर तोच पुन्हां वाचला जाई. जपानच्या रोलंड कंपनीचें ‘स्पेस एको’ १९७४ चें. यंत्रें गोड, पण वागवावयास कठीण : फीत झिजे, धूळ बसे, चाल किंचित् डुले. ह्या ओझ्यांतून वादकाची सुटका केली ती हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या सँगस्टर व टीर ह्या दोघांनीं. १९६९ सालीं त्यांनीं जी युक्ति काढली तिला नांवहि साजेसें मिळालें, ‘बादल्यांची रांग’. आग विझवितांना माणसें रांगेनें उभीं राहून एकमेकांच्या हातीं बादली देतात ना, तसेंच चिपेमधील शेंकडों सूक्ष्म कप्पे विजेचा भार पुढें पुढें देत जातात, व स्वर शेवटास पोंचेपर्यंत विलंब होतो. हातोहातीं थोडें पाणी सांडतेंच. शिवाय रांगेची खटखट ऐकूं येऊं नये म्हणून वरचे तीव्र स्वर गाळून टाकावे लागतात. त्यामुळें ह्या यंत्रांचा प्रतिध्वनि मंद व सांवळा असतो. येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही बादली ठराविक क्षणींच भरली जाते, म्हणजे काळाचे तुकडे येथेंहि पडतातच. ज्याला आमचे तरुण शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून पूजतात, तो अर्धा वाटेवर आलेला असतो!

१९८३ सालीं बॉस कंपनीनें ‘डीडी-२’ हें छोटें पेडल काढलें आणि डिजिटल प्रतिध्वनि वादकाच्या पायाखालीं आला. तो स्वच्छ होता, आणि हीच कित्येकांची तक्रार झाली. ती निव्वळ हट्टाची नव्हती. वाजत असलेल्या सुराइतकाच लख्ख सूर मागून आला, तर भरल्या मेळांत दोघे एकमेकांवर आदळतात; सांवळा प्रतिध्वनि मात्र आपण होऊन मागें सरून बसतो. मग कारखानदारांनीं काय केलें? लाइन ६ कंपनीच्या १९९९ च्या ‘डीएल४’ पेडलमध्यें गणिताच्या साह्यानें जुन्या फितीचें डुलणें व बादल्यांचें सांडणें हुबेहूब उभें केलें. दोष दूर करण्यास निघालेली विद्या दोषांची नक्कल करूं लागली.

रंगमंचावर मात्र नव्या रीतीचा खरा गुण निराळाच आहे : स्मरण. एका गीतांतून दुसऱ्यांत जातांना पांच पेडलें दाबून दहा खुंट्या फिरवाव्या लागत, तेथें आतां एक दाब पुरतो. विलंबाची भीति फाजील आहे. आंकड्यांच्या उलाढालीस तीन सहस्रांश सेकंद लागले असें धरलें, तरी तितक्या वेळांत ध्वनि सुमारें एक मीटरच जातो. म्हणजे स्पीकरपासून तितकें दूर उभें राहिल्यासारखें. बिनतारी गिटार, पेटी, मिक्सर आणि कानांतील यंत्र अशीं तीं चारहि डिजिटल असलीं, तर बेरीज बोटांस जाणवूं लागते, हें खरें.

अपयशाची रीतहि दोघांची भिन्न. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर उष्णतेनें बदलतात. दुपारीं गोड वाटलेलें फझ रात्रीं दिव्यांच्या झोतांत थुंकल्यासारखें वाजूं लागतें. तारेची एक सांधी ढिली झाली तर सहा पेडलांत ती शोधण्यांत गीत संपतें. परंतु आमच्याकडील मांडवांत जनित्राची वीज क्षणभर खचली, तर साधें पेडल दुसऱ्याच क्षणीं पूर्ववत् वाजतें. मोठी डिजिटल पेटी नव्यानें सुरू होते, आणि तोंवर वादक प्रेक्षकांकडे पाहत उभा!

उलट, जेथें जुनी रीत निरुपयोगीच ठरली असती अशी एक सभा ८ डिसेंबर २०१३ रोजीं झाली. दक्षिण ध्रुवखंडावरील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर मेटॅलिका मंडळी वाजविण्यास गेली. तेथील सृष्टीस गोंगाटाचा उपद्रव होऊं नये म्हणून आवाज मोकळा सोडावयाचा नव्हता. श्रोत्यांनीं कानांवर यंत्र लावून ऐकलें. गरजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या जागीं तेव्हां डिजिटल पेट्या होत्या.

अनेक वादकांच्या फळीवर आज दोन्ही कुळें एकत्र नांदतात. गिटारशेजारीं अ‍ॅनालॉग फझ किंवा ओव्हरड्राइव्ह, कारण बोटाचा दाब हलका झाला कीं तें तत्काळ निवळतें. आणि ओळीच्या शेवटीं डिजिटल प्रतिध्वनि. कांहीं डिजिटल पेट्यांत तर वादकाचा मूळ स्वर आंकड्यांत न शिरतां सरळ बाहेर जातो, आणि केवळ त्याचा प्रतिध्वनि गणितांतून येऊन त्यास मिळतो.