देवाच्या जमिनीचा कागद

जीर्णोद्धार समितीच्या बैठकीत या स्मरणिकेसाठी कोणी काय लिहावयाचे याची वाटणी झाली, तेव्हा "देवळाचा इतिहास" हा विषय वडीलधाऱ्या मंडळींनी माझ्या पदरात टाकला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. एस.एस.सी. होऊन तालुका कचेरीत कारकून म्हणून लागलो, त्यास आता वीस वर्षांवर झाली. तेव्हा शिल्प, शिखर, हेमाडपंती बांधणी यांविषयी जाणत्यांनी लिहावे. मला ठाऊक आहे तो कागद. म्हणून महादेवाच्या नावे असलेल्या जमिनीचा कागद कसा सापडला, तेवढीच हकीकत ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या सेवेसी सादर करतो.

पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर अपुरे राहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नोकरीच्या निमित्ताने फिरताना हीच कथा, हाच कोंबडा, मी आणखी चार-पाच गावांत ऐकला. असो. त्या कथेला हात लावण्याचे मला काही कारण नाही.

प्रश्न निघाला तो निराळाच. वर्गणीची पहिली यादी वाचून झाल्यावर सोलापुरास स्थायिक झालेल्या आपल्या एका गावकऱ्याने विचारले, "देणगी देतो, पण देवाची स्वतःची जमीन होती तिचे काय झाले?" बैठकीत एकदम शांतता पसरली. कोणी म्हणाले, ती गुरवांचीच. कोणी म्हणाले, गुरवांनी बळकावली. गुरवांच्या घरातील म्हातारे आण्णा काही न बोलता उठून गेले. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या पहाटे उठून देवास पाणी घातले, त्या घरावर भर सभेत असा आळ यावा, हे मला बरे वाटले नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्या घरातही एक गोष्ट चालत आलेली होती, की ती जमीन आमच्याच पूर्वजांनी देवास दिली. म्हणजे जितकी घरे तितके दावे!

समितीचे तिघे जण एका कचेरीत जाऊन आले. "आमच्या गावच्या महादेवाच्या जमिनीचा जुना कागद पाहिजे," असे त्यांनी सांगितले. उत्तर मिळाले, "असा कागद नाही." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिघांनाही वाटले, कागद दडवला. मी कचेरीतलाच माणूस, त्यामुळे माझ्याकडेही जरा वाकड्या नजरेने पाहिले गेले. परंतु दोष दोन्हीकडे थोडाथोडा होता. उत्तर देणाऱ्याने नीट विचारपूस केली नाही हे खरे. पण रेकॉर्ड रूममध्ये कागद देवाच्या नावाने बांधलेला नसतो, माणसाच्या नावानेही नसतो. तो गाव, साल आणि नंबर यांनी बांधलेला असतो. नंबर ठाऊक नसेल तर लाल रुमालात बांधलेल्या त्या शेकडो गठ्ठ्यांपुढे रेकॉर्ड किपरही आंधळाच.

हे नंबर आले कोठून, ते थोडक्यात सांगणे जरूर आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली व सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्यापूर्वी शेतास नंबर नव्हता, नाव होते. आजही आपण "चिंचेचा मळा", "पांढरीकडची पट्टी" म्हणतोच. पुढे १८३५-३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनी नव्या रीतीने मोजणी केली, आणि मग ती पद्धत आपल्या मुलखात व सबंध दख्खनेत पसरली. तेहेतीस फुटी साखळी धरून शेते मोजली; एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर पडला, आकार बसला आणि त्याचा दर तीस वर्षांसाठी ठरला. आपला शेतकरी जो "सर्वे नंबर" आजही तोंडपाठ सांगतो, तो तेव्हाचा.

त्यानंतर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले. ज्याच्याकडे इनाम असेल त्याने कोणत्या आधारावर खातो ते दाखवावे, नाहीतर इनाम खालसा, असा तो खाक्या. लोकांना त्याचा जाच फार झाला, आणि १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत त्याची गणना होते. परंतु त्या जाचातून आपल्या कामाची एक गोष्ट निघाली. गावोगावच्या इनामदारांना, पुजाऱ्यांना, वतनदारांना आपापली कैफियत लिहून द्यावी लागली, आणि तपासून कायम केलेल्या इनामांची नोंद झाली. देवस्थान इनाम म्हणजे वर्ग ३ चे इनाम, ही भाषा आमच्या कचेरीत अजूनही चालते. गावच्या दप्तरात त्यासाठी गाव नमुना नंबर ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, निराळी असते. सातबारा सर्वांस ठाऊक, आठ-अ ठाऊक, पण हा तीन नंबर कोणी मागत नाही.

पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि फेरफाराचे पुस्तक, म्हणजे नमुना सहा, सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने गावोगाव गट पाडले गेले. आपल्या गावची गटवारी झाली, तेव्हाच ही सारी गफलत झाली. जुना सर्व्हे नंबर जाऊन नवा गट नंबर आला. लोक नवा नंबर सांगू लागले आणि जुने कागद जुन्याच नंबराखाली पडून राहिले.

मी सुरुवात केली ती आजच्या सातबाऱ्यापासून. गुरवांच्या वहिवाटीत असलेल्या शेताचा गट नंबर घेतला. उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कचेरीत एकत्रीकरणाच्या योजनेचे जे पत्रक असते, त्यातून त्या गटात कोणते जुने सर्व्हे नंबर मिसळले ते काढले. मग फेरफार एकामागून एक मागे मागे वाचत गेलो. सातबाऱ्यावर जो आकडा वर्तुळात लिहिलेला असतो तो फेरफाराचा नंबर. तो धरला की मागचा फेरफार सापडतो, त्यावरून त्याच्याही मागचा. विहिरीत दोर सोडावा तसे हे काम आहे. मध्ये गाठ सुटली की पोहरा गेला. मी कचेरीत आहे म्हणून मला सोपे गेले असे कोणी समजू नये. रजा टाकून, अर्ज करून, नकलेची फी भरून आणि इतरांप्रमाणेच बाहेरच्या बाकावर बसून मी नकला घेतल्या. आपल्याच टेबलावरचा कागद आपल्याच कामासाठी काढणे बरे नव्हे.

गाठ सापडली ती हातानी लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यात. पूर्वी सातबाऱ्याचे पुस्तक भरले की दर दहा वर्षांनी नवे लिहीत. एका पुस्तकात कब्जेदाराच्या रकान्यात पहिली ओळ "श्री महादेव देवस्थान" आणि खाली वहिवाटदार म्हणून गुरवांचे नाव. पुढच्या पुस्तकात वरची ओळ नाहीच! ना फेरफार, ना हुकूम. उतरून घेताना एक ओळ सुटली, एवढेच. ज्याने कधी दिवसाला शंभर पाने उतरून काढली असतील त्याला हे समजेल. माझ्या हातूनही ओळी सुटल्या आहेत, सुदैवाने वेळीच ध्यानात आल्या. पण या एका सुटलेल्या ओळीने आपल्या गावात दोन पिढ्या मनात अढी राहिली.

त्या जुन्या नंबरावरून नमुना तीन मिळाला, आणि मग सोलापूरच्या जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षातून इनामाच्या नोंदीची नक्कल. ती मोडीत होती. आमच्या पिढीला मोडी येत नाही. तालुक्यातील एका वृद्ध जाणत्या गृहस्थांनी भिंग लावून दोन बैठकीत ती वाचून दिली व चहाखेरीज काही घेतले नाही. कागदाचा मथितार्थ असा: जमीन देवाची, दिवाबत्ती व नैवेद्याकडे लावलेली, पूजा-अर्चा गुरवांनी करावी व त्याबद्दल जमीन वाहून खावी, इनाम फार दिवसांपासून चालत आले आहे. म्हणजे ज्यांनी जमीन देवाची म्हटले ते खरे, आणि गुरवांनी बळकावली म्हणणारे खोटे. गुरवांची वहिवाट त्या कागदानेच दिलेली आहे.

आणि आमच्या पूर्वजांचे नाव? कागदात नाही. देणाऱ्याचे नावच नाही. मी तीन वेळा विचारले, त्या गृहस्थांनी तीन वेळा तीच ओळ वाचून दाखवली. घरी सांगितले तेव्हा थोरल्या काकांनी दोन दिवस माझ्याशी बोलणे सोडले. स्मरणिकेत ती गोष्ट लिहून टाक, कोण विचारतो, असेही घरात कोणी म्हणाले. लिहिली नाही.

देवळाच्या वयासंबंधी कागद एवढेच सांगतो, की कमिशनच्या वेळी देऊळ व इनाम दोन्ही जुनेच होते. त्याही मागचे पाहावयाचे तर पुण्यास पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे; त्यातील हजारो रुमालांत आपल्या परगण्याचे कागद आहेत. तेथे मोडी येणारा माणूस घेऊनच जावे. तेथील सालही इसवी नसते. सुहूर सन असेल तर त्यात ५९९ किंवा ६००, आणि फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येते.

ज्यांना आपल्या घरचा कागद शोधावयाचा आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. आपला जिल्हा आज आहे तसा पूर्वी नव्हता. १८३८ मध्ये सोलापूर हे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पोटात होते. १८६४ मध्ये तो पोटविभागही मोडला. १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा उभा राहिला तेव्हा पंढरपूर व सांगोला हे साताऱ्याकडून आले, आणि माळशिरस १८७५ मध्ये. अक्कलकोट तर संस्थानच होते. तेव्हा सोलापुरात कागद नाही याचा अर्थ कागदच नाही असा होत नाही. सांगोल्याच्या माणसाने साताऱ्याकडेही चौकशी करावी.

अर्ज करताना गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, गट नंबर, अंदाजे साल व कोणता नमुना पाहिजे, एवढे लिहावे. "सर्व जुने कागद मिळावेत" असे लिहू नये. अशा अर्जाला उत्तरही तसेच मिळते. रेकॉर्डचे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, त्याखालचे लवकर नाश करतात. हक्काचे कागद बहुधा अ वर्गात, म्हणून नाउमेद होऊ नये. साध्या नकलेच्या अर्जाने काम न झाल्यास माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा होता, आता देशाचा २००५ चा लागू आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानास दोन रुपये, तीस दिवसांची मुदत. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर योग्य कचेरीकडे पाच दिवसांत पाठवणे हे त्यांचेच काम. मात्र साध्या नकलेने भागत असेल तर उगाच तेथवर जाऊ नये. आता सातबारा मोबाइलवर मिळतो आणि जुने अभिलेख स्कॅन करून "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर ठेवण्याचेही काम शासनाने चालविले आहे. तेथेही यंत्र पहिल्यांदा विचारते ते नंबरच.

उजनीच्या पाण्याखाली १९८० च्या आगेमागे ज्यांची गावे गेली, त्यातील काही मंडळी आमच्या कचेरीत येतात. घर नाही, पार नाही, पिंपळ नाही. जुन्या गावठाणाचा नकाशा हातात मिळाला की त्यावर बोट फिरवीत बसतात. एकाने मला बोट ठेवून दाखवले, "साहेब, हे आमचं दार."

जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली, लेखनप्रमाद दुरुस्त करून देवस्थानचे नाव पुन्हा चढवावे, असा अर्ज समितीने तहसीलदार साहेबांकडे दिला आहे. निकाल अद्याप व्हावयाचा आहे. अर्जावर पहिली सही गुरवांच्या आण्णांची आहे. वहिवाटदार म्हणून त्यांचे नाव जसेच्या तसे ठेवावे, असे त्याच अर्जात लिहिले आहे. मागल्या सोमवारी मी गाभाऱ्यात गेलो तेव्हा त्यांनी तीर्थ देताना विचारले, "मोडी कागदात आमच्या कुणाचं नाव हाय का रं?" आहे म्हणून सांगितले आणि वाचून दाखवले. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले. साक्षांकित नकलांचा एक संच देवळाच्या पेटीत ठेवला आहे, दुसरा समितीच्या चिटणिसांकडे आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सोमवारी आरतीनंतर यावे.