बदललेल्या पाठाची नोंद

वाशीमलगतच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध करणाऱ्यांनी भिन्न पाठ टाकून दिले नाहीत. ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणांनी ते मजकुरातच ठेविले. संदेह राहिला, पण तो वाचकास दिसत राहिला.

अनेक वृत्तस्थळांच्या बातम्या एकत्र आणणाऱ्या आजच्या फीड रीडरांत ही सोय क्वचितच आढळते. डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटम’ प्रमाणकाने प्रत्येक नोंदीस कायम ओळखचिन्ह व अद्ययावत केल्याची वेळ आवश्यक मानिली. पूर्वीचा मजकूर जपण्याचे बंधन मात्र घातले नाही. कोणता बदल महत्त्वाचा, हेही प्रकाशकानेच ठरवावयाचे. परिणामी सुधारलेली बातमी आली की काही रीडर जुन्या मजकुराच्या जागी मुकाट्याने नवा ठेवितात, काही ती पुन्हा ‘न वाचलेली’ म्हणून दाखवितात. दोन पाठांतील फरक दाखविणारे विरळाच.

वृत्त सुधारणे हा दोष नव्हे. परंतु काल वाचलेले विधान आज खूण न ठेवता पुसले गेले, तर उद्याच्या संशोधकाने पाठचिकित्सा करावयाची ती कशाची?