मेदऊतीतून मूलपेशी : तळच्या गाळाचा इतिहास

घनतेनुसार विलगीकरण कसे होते हे भिलाईत वेगळे सांगावे लागत नाही. ब्लास्ट फर्नेसमध्ये वितळलेले लोखंड तळाशी आणि स्लॅग वर. एके काळी टाकाऊ ठरलेला स्लॅग आता सिमेंटमध्ये जातो. आजच्या गोष्टीत मात्र वरचे घेतले गेले आणि तळाचे मागे राहिले.

1964 साली अमेरिकेत मार्टिन रॉडबेल यांना हॉर्मोनांचा मेदपेशींवर होणारा परिणाम तपासायचा होता. त्यासाठी सुट्या पेशी हव्या होत्या. चरबीत त्या कोलॅजेन प्रथिनाच्या जाळ्यात अडकलेल्या असतात. त्यांनी उंदरांची चरबी बारीक कापून कोलॅजिनेज या विकरात 37 अंश सेल्सिअसला हलवत ठेवली. जाळे सुटले. मग सेंट्रिफ्यूज. तेलाने भरलेल्या मेदपेशी तरंगल्या, रक्तवाहिन्यांच्या आणि आधारऊतीच्या पेशी तळाशी बसल्या. रॉडबेल यांना वरचाच थर हवा होता. (त्यांना 1994 चे नोबेल मिळाले ते जी-प्रथिनांसाठी, ही कृती त्याच वाटेवरची.)

गाळातल्या काही पेशींपासून नव्या मेदपेशी तयार होतात, हे पुढे कळले. पण त्यांपासून आणखी काय होऊ शकते, हे 2001 मध्ये कॅलिफोर्नियात पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. लायपोसक्शनमध्ये काढलेली माणसाची चरबी, तेच विकर, तोच गाळ. त्यातल्या पेशी मेद, हाड, कूर्चा आणि स्नायू यांच्या दिशेने वळल्या.

परीक्षेत हमखास चुकते ती गोष्ट इथे आहे : गाळ म्हणजे मूलपेशी नव्हेत. त्यात रक्तपेशी, वाहिन्यांच्या पेशी, सगळेच असते, मूलपेशी थोड्याच. गाळ प्लास्टिकच्या डिशमध्ये ठेवला की त्या तळाला चिकटतात, न चिकटलेले धुऊन टाकायचे आणि उरलेल्या वाढवायच्या. विकर न वापरता नुसती चरबी घुसळूनही पेशी मिळतात, पण कमी.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने वडिलांच्या गुडघ्यासाठी 'चरबीतून मूलपेशी, त्याच दिवशी इंजेक्शन' अशी जाहिरात आणून दाखवली. त्याच दिवशी म्हणजे पेशी वाढवायला वेळच नाही. देणार तो गाळच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांतील मान्य प्रत्यारोपण सोडले तर असा उपचार परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. मी त्याला एवढेच म्हटले, "चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारून ये."